ध्यानाची फी आणि गुरूचा हेतू



मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक आज आम्ही मुद्दाम खिशात घालून आणली आहे. खाली नाव नाही. मजकूर असा आहे: ‘तुम्ही ध्यानाच्या संस्थांवर टीका करता. मला ध्यानामुळे सहा वर्षांनी नीट झोप लागायला लागली. मी पैसे भरले ते माझ्या खुशीनं. मग तुमचं पोट का दुखतं?’

चांगला प्रश्न आहे. रागानं विचारलाय, पण चांगला आहे. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या चिठ्ठीला उत्तर समजा.

आधी आमची बाजू सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. आम्ही स्वतः असं एक शिबिर केलेलं आहे. संस्थेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या आठवड्यात खरंच बरं वाटलं. डोकं शांत झालं, चिडचिड कमी झाली. त्या भरात आम्ही ओळखीच्या चौघांना घेऊन गेलो. त्यातले एक गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले. ते पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेले, दुसरीवरून तिसरीवर. दर वेळी रक्कम वाढत गेली. दीडेक वर्षानं घरी कळलं तेव्हा फंडाच्या पैशातला बराच भाग संपलेला होता. त्यांच्या बायकोनं आम्हाला एकच वाक्य ऐकवलं, ‘तुम्हीच नेलंत ना त्यांना?’ त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आज जी टीका करणार आहोत, ती बाहेर उभं राहून केलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता उदाहरण कुठलं घ्यायचं? ज्याची कागदपत्रं, कोर्टाचे निकाल, संशोधन सगळं उघड आहे असंच घ्यायला हवं. म्हणून आपण महर्षी महेश योगी आणि त्यांचं भावातीत ध्यान, ज्याला जगभर टीएम म्हणतात, ते घेऊ.

थोडक्यात इतिहास. महेश योगी अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती हे त्यांचे गुरू. ते १९५३ मध्ये गेले. त्यानंतर महेश योगींनी आपली पद्धत शिकवायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. पुढं ऑगस्ट १९६७ मध्ये लंडनला बीटल्स त्यांना भेटले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये ती मंडळी ऋषिकेशच्या आश्रमात आली. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. रिंगो स्टार दहा-बारा दिवसांत परतला, लेनन आणि हॅरिसन एप्रिलमध्ये नाराज होऊन निघून गेले.

इथं एक सावधगिरी. टीकाकार म्हणतात, ‘बघा, बीटल्सनासुद्धा कळलं!’ पण हा पुरावा नव्हे. त्याच हॅरिसननं १९९२ मध्ये लंडनला या चळवळीशी जोडलेल्या राजकीय पक्षासाठी गाण्याचा कार्यक्रम केला. पॉल मॅकार्टनी आणि रिंगो २००९ मध्ये न्यूयॉर्कला, मुलांना हेच ध्यान शिकवणाऱ्या फाउंडेशनच्या मदतीसाठी एका मंचावर आले. तेव्हा प्रसिद्ध माणसं आली म्हणून ध्यान खरं होत नाही आणि निघून गेली म्हणून खोटंही ठरत नाही. बीटल्सना आपण बाजूला ठेवू.

पैशाकडे येऊ. साठीच्या दशकात इंग्लंडमध्ये दीक्षेसाठी साधारण एका आठवड्याची कमाई द्यायची, अशी पद्धत होती. म्हणजे कारकुनाला कमी, डॉक्टरला जास्त. यात एक प्रकारचा न्याय आहे, हे मान्य करू. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या माणसाला १२५ डॉलर पडायचे. आणि २००० नंतरच्या दशकात तीच दीक्षा २५०० डॉलरला गेली. महागाई धरली तर १२५ चे तीस वर्षांत साडेचारशेच्या आसपास व्हायला हवे होते. मंत्र तोच, वीस मिनिटं डोळे मिटून बसणं तेच, दिवसातून दोनदा तेच. मग मधले दोन हजार कशाचे? पुढं ही फी कमी करण्यात आली, हेही सांगायला हवं.

आता आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, ‘झालं, धंदा आहे हा!’ थांबा. फी घेणं हा गुन्हा नाही. गाण्याच्या क्लासला फी असते. बाई पेटी घेऊन बसतात, महिन्याचे पैसे घेतात, त्यांना आपण कधी ढोंगी म्हणतो का? शिकवणाऱ्यालाही भाडं भरायचं असतं, गॅस घ्यायचा असतो. उलट शिक्षकानं फुकट शिकवावं ही अपेक्षाच कधीकधी शोषणाची असते.

मग फरक कुठं आहे? गाण्याच्या क्लासमध्ये चार गोष्टी असतात. किंमत आधी ठाऊक असते. काय शिकवणार ते उघड असतं. मुलगी सुरात गाते की नाही, हे शेजाऱ्यालासुद्धा ऐकू येतं. आणि नाही जमलं तर क्लास सोडता येतो, बाई ‘तुझं कर्म आडवं आलं’ असं म्हणत नाहीत. या चार गोष्टी घेऊन टीएमकडे पाहू.

पहिली गोष्ट, किंमत. सुरुवातीच्या दीक्षेची किंमत सांगितली जाते, हे खरं. पण पायऱ्या किती आहेत, ते जिना चढल्यावर कळतं. १९७६ पासून सिद्धी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात ‘योगिक उड्डाण’ आलं. मांडी घालून गादीवर उड्या मारणं, असं ते दिसायला असतं. हवेत तरंगण्याची ती पहिली अवस्था आहे असं सांगितलं जातं. पुढची अवस्था आजवर कोणत्याही निष्पक्ष माणसासमोर झालेली नाही. मग २००० मध्ये ‘ग्लोबल कंट्री ऑफ वर्ल्ड पीस’ नावाचा भूमी नसलेला देश जाहीर झाला. त्याला राजा आला, ‘राम’ नावाचं चलन आलं. हॉलंडमध्ये एका रामची किंमत दहा युरो होती आणि काही दुकानांत ते चालायचंही. या देशाचे ‘राजे’ होण्याच्या प्रशिक्षणाचा आकडा वर्तमानपत्रांनी दहा लाख डॉलर असा छापला. आठवड्याच्या पगारापासून दहा लाख डॉलरपर्यंत! हा जिना एका दिवसात कुणी चढत नाही. आमचे ते निवृत्त गृहस्थही एका दिवसात चढले नव्हते. प्रत्येक पायरीवर आदल्या पायरीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढची चढतो.

दुसरी गोष्ट, गुप्तता. दीक्षेच्या दिवशी फळं, फुलं, पांढरा रुमाल घेऊन जायचं. गुरूंच्या तसबिरीसमोर संस्कृतमध्ये पूजा होते. मग कानात मंत्र मिळतो, तो कुणालाही सांगायचा नाही. साधकाची समजूत अशी होते की हा मंत्र खास माझ्या प्रकृतीसाठी निवडलेला आहे. पुढं चळवळ सोडलेल्या शिक्षकांनी याद्या बाहेर काढल्या. त्यांत मंत्र मुख्यतः वयाच्या गटानुसार वाटलेले दिसतात. आता गुप्त मंत्र आपल्या परंपरेला नवा नाही. पण तिथं गुरू-शिष्याचं वर्षानुवर्षांचं नातं असतं. इथं त्या गुप्ततेनं एकच काम केलं. दोन साधकांना आपापले मंत्र ताडून पाहता आले नाहीत. बाजारात दोन गिऱ्हाइकांनी भाव ताडून पाहू नये, अशी सोय कोण करतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

याच पूजेवरून अमेरिकेत कोर्टात प्रकरण गेलं. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांमध्ये हे ध्यान ‘विज्ञान’ म्हणून शिकवलं जात होतं. संस्थेचं म्हणणं, यात धर्म नाही. १९७७ मध्ये कोर्टानं निकाल दिला की हे धार्मिक शिक्षण आहे, सरकारी शाळेत चालणार नाही. १९७९ मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम केला. आमचा आक्षेप पूजेला नाही. श्रद्धेनं पूजा करणाऱ्यानं ती उघडपणे करावी. पण मंदिरात गेल्यावर ‘ही परंपरा आहे’ आणि शाळेच्या दारात ‘हे निव्वळ विज्ञान आहे’ अशा दोन पाट्या एकाच दुकानावर आलटून पालटून लावल्या, तर गिऱ्हाइकानं कुठली खरी मानायची?

तिसरी गोष्ट, परिणाम. इथं आपल्या चिठ्ठीवाल्यांचा मुद्दा येतो, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. झोप लागली म्हणता ना? लागली असणार. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात आला. ध्यानाच्या वेळी शरीराचा ऑक्सिजनचा वापर कमी होतो, असं त्यात मांडलं होतं. २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं म्हटलं की रक्तदाब थोडा कमी करण्यासाठी टीएमचा विचार करायला हरकत नाही. ‘थोडा’ आणि ‘विचार करायला हरकत नाही’ हे दोन शब्दप्रयोग मात्र लक्षात ठेवा. गोळ्या बंद करा, असं त्यात नाही.

पण वॉलेसबरोबर काम करणारे हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी पुढं काय केलं, हे संस्थेच्या पत्रकात सापडणार नाही. त्यांनी विचारलं, हा परिणाम त्या विशिष्ट मंत्राचा आहे, की शांत बसून कुठलाही एक शब्द पुनःपुन्हा म्हणण्याचा? त्यांच्या मते दुसरं कारण पुरेसं होतं. त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात ‘एक’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द श्वासाबरोबर म्हणायला सांगितला. पुस्तक भरपूर खपलं. पुस्तकाची किंमत ती काय, आणि दीक्षा नाही, रुमाल नाही, शपथ नाही. तेव्हा चिठ्ठीवाल्या मित्रा, तुझी झोप खरी आहे. प्रश्न असा आहे की तू जे पैसे भरलेस ते झोपेचे होते, की झोप फक्त इथंच मिळते या समजुतीचे?

आणि दावा झोपेवर थांबला असता तरी आम्ही आज इथं उभे राहिलो नसतो. दावा पुढं गेला. लोकसंख्येच्या एक टक्का लोकांनी ध्यान केलं तर सगळ्या शहरातली गुन्हेगारी कमी होते. सिद्धीवाले असतील तर एक टक्क्याच्या वर्गमुळाएवढे पुरतात. याला ‘महर्षी परिणाम’ म्हणतात. १९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सुमारे चार हजार साधक जमवून प्रयोग झाला. हिंसक गुन्हे घटले, असं जाहीर झालं. कशाच्या तुलनेत घटले? ‘ध्यान नसतं तर जेवढे झाले असते’ त्या तुलनेत. आणि तो आकडा कुणी काढला? अभ्यास करणाऱ्यांनीच, तापमान वगैरेंचं गणित मांडून. प्रमुख अभ्यासक जॉन हेगलिन यांना पुढच्या वर्षी शांततेचं ‘इग् नोबेल’ मिळालं. विनोदी संशोधनाची थट्टा करणारं ते पारितोषिक आहे. थट्टेचं सोडा. आपला साधा प्रश्न असा की गुन्हे वाढले असते तर हे लोक ‘आमचं चुकलं’ म्हणाले असते का? की ‘ध्यान नसतं तर आणखी वाढले असते’ म्हणाले असते? कुठलाही आकडा आला तरी जो दावा जिंकतो, त्याला हरताच येत नाही. आणि हरता न येणाऱ्या दाव्यावर वर्गणी गोळा करणं सगळ्यात सोपं.

चौथी गोष्ट, बाहेरचा दरवाजा. ध्यानानं काहींना त्रास होतो, हे आता अभ्यासातून पुढं आलं आहे. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बौद्ध परंपरांतल्या साठच्या आसपास साधकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, असे अनुभव त्यात आहेत. अशा वेळी शिक्षक काय म्हणतो, यावर संस्थेची पारख करा. ‘थांबा, डॉक्टरांना भेटा’ म्हणतो, की ‘आतला मळ निघतोय, चालू ठेवा, पुढचा कोर्स करा’ म्हणतो? दुसरं उत्तर आलं की समजा, इथं फायदा झाला तर श्रेय पद्धतीचं आणि तोटा झाला तर खापर तुमच्यावर.

आता तुम्ही म्हणाल, मग मोफत शिकवणारे बरे. आपल्याकडे इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचं मोठं केंद्र आहे. गोएंकाजींच्या परंपरेत दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही, राहण्याजेवणाचेही पैसे नाहीत. आणि दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. ज्याला लाभ झाला तोच देणार, आणि देईल ते पुढच्या माणसासाठी. वारकरी परंपरेतही कीर्तन करावं त्या घरी जेवू नये, मोबदला घेऊ नये, अशी शिकवण आहेच. पण मोफत म्हणजे निर्धोक, असं समीकरण मांडू नका. पैसा नसला तरी वेळ असतो, मौन असतं, आज्ञा पाळणं असतं. सातव्या दिवशी एखाद्याचा तोल गेला तर काय करायचं, हा प्रश्न मोफत शिबिरालाही तितकाच लागू आहे. चौथी कसोटी फीची नव्हतीच.

आणखी एका टीकेपासून आपण अंतर ठेवलं पाहिजे. महेश योगींवर परंपरेच्या बाजूनं फार जुना आक्षेप आहे: ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे मंत्र देण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. काही बुद्धिवादी मित्रसुद्धा ‘बघा, धर्माचार्यही त्यांच्या विरोधात आहेत’ म्हणून हा आक्षेप आनंदानं पुढं करतात. हे आम्हाला मान्य नाही. ज्या महाराष्ट्रात तुकोबांना अधिकार नाही म्हणून छळलं गेलं, तिथं तरी आपण हे हत्यार उचलू नये. महेश योगींचा दोष काढायचा तर हिशेबाचा काढा, जातीचा नको. चुकीच्या कारणानं केलेली बरोबर टीका शेवटी चुकीच्याच माणसांच्या कामी येते.

आता मुख्य मुद्दा, हेतू. ‘महेश योगी लबाड होते की प्रामाणिक?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. आमचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. आपल्याला तो प्रश्न सोडवायची गरज नाही. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते सांगण्याचा दावा गुरू करतात. आपण तरी तो करू नये. शक्य आहे की ५ फेब्रुवारी २००८ ला हॉलंडमध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत जगात शांतता आणण्यावर त्यांचा खराखुरा विश्वास होता. असेल. पण आपल्या हाउसिंग सोसायटीचा खजिनदार कितीही सज्जन असला, तरी वर्षाअखेरीला हिशेब तपासला जातो की नाही? तो तपासताना आपण त्याला चोर म्हणतो का? गणपती मंडळ दहा रुपयांच्या वर्गणीची पावती देतं आणि जमाखर्च फळ्यावर लावतं. आणि जिथं माणसं आयुष्यभराची पुंजी देतात, तिथं हिशेब मागितला की ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असं ऐकवलं जातं. महेश योगींच्या पश्चात भारतातल्या संस्थांच्या जमिनींवरून त्यांच्याच माणसांत वाद होऊन प्रकरणं कोर्टात गेली. शांततेच्या विद्यापीठात शिकलेल्यांनाही सातबाऱ्यापुढे शांत राहता आलं नाही. हेतू शुद्ध असेल तर हिशेबाची भीती कशाला? आणि हेतू शुद्ध नसेल तर हिशेब हवाच. दोन्हीकडून उत्तर एकच येतं.

कायदा यात फारसं काही करणार नाही. डॉक्टर दाभोलकरांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत ठरावीक अमानुष, अघोरी कृत्यं आहेत. महागड्या ध्यानशिबिराला त्यात जागा नाही, आणि नसावीच. सज्ञान माणसाला आपल्या पैशानं डोळे मिटून बसायचा हक्क आहे. म्हणूनच काम आपल्यावर येतं. बोलायचं, विचारायचं, घरातल्या माणसाला वेळेवर हटकायचं.

तर चिठ्ठीवाल्या मित्रा, पोट तुझ्या झोपेनं दुखत नाही. ध्यान चालू ठेव. फक्त उद्या पुढच्या कोर्सचा फोन आला की चार प्रश्न विचार. एकूण पायऱ्या किती आणि शेवटच्या पायरीची किंमत काय? जे शिकवणार ते आधी कागदावर मिळेल का? फायदा झाला नाही हे कशावरून ठरवायचं? आणि मला त्रास झाला तर जबाबदार कोण? सरळ उत्तरं मिळाली तर खुशाल जा. विचारल्याबद्दल समोरचा रागावला, तर तेही उत्तरच आहे. आणि एक विनंती, बरं वाटल्याच्या भरात पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला नेऊ नकोस. निदान वर्षभर थांब. आम्ही थांबलो नव्हतो.

ऋषिकेशचा तो आश्रम पुढं ओस पडला. जमीन मुळात वनखात्याची, भाडेपट्ट्यानं दिलेली. ती परत गेली. २०१५ पासून तो राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पर्यटकांसाठी खुला आहे. तिकीट काढून आत जायचं, पडक्या कुट्या बघायच्या, भिंतींवरची चित्रं बघायची आणि बाहेर यायचं. तिथं आता किती पैसे घेणार ते दारावरच लिहिलेलं असतं आणि आत गेल्यावर कुणी दुसरं तिकीट विकत नाही. ध्यान शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून आमची मागणी एवढीच आहे.

प्रश्न असतील तर विचारा. चिठ्ठीवर नाव नसलं तरी चालेल.